साहेबाचा बंगला आणि मी धरलेला रविवार

आमचे इतिहासाचे सर दिवाळीनंतर पुण्याला मुलाकडं कायमचे राहायला जाणार, असं कळलं म्हणून मी त्यांना भेटायला गेलो. पुस्तकं पोत्यांत भरून झाली होती. चहा पिता पिता, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सर, इकडचं काही बघायचं राहिलंय का?"

असले प्रश्न विचारायची मला जुनी खोड आहे. समोरून उत्तर येईल, हे माझ्या ध्यानातच येत नाही.

"नळदुर्गचा साहेबाचा बंगला," सर म्हणाले. "आणि तो का राहिला, हे तुला चांगलं ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आपला मुलूख निजामाचा, पण मधली काही वर्षं इथं कंपनी सरकारचा अंमल होता आणि तेव्हा एक गोरा साहेब नळदुर्गात बंगल्यात राहायचा, हा धडा पुस्तकात नसतानाही सर शिकवायचे. फळ्यावर बंगला काढायचे. उतरतं छप्पर, पुढं व्हरांडा, चार खिडक्या. आम्ही आठवीत असताना त्यांनी सहल नेली. आधी किल्ला, मग बंगला, असा बेत. किल्ल्यात मी एका बुरुजाच्या कोनाड्यात लपून बसलो. का, तर सर आपल्याला शोधतात का ते बघायला. सरांनी शोधलं. दोन तास शोधलं. मधे मला झोप लागली. सापडलो तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि एस्टीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पुढं शाळेनं सहलीच बंद केल्या आणि सरांचा बंगला राहिला तो राहिलाच. धाराशिवहून तासा-दीड तासाचा रस्ता. पण इतक्या जवळचं बघायला मुद्दाम सवड कोण काढतो?

"सर, दिवाळीच्या आत तुम्हाला बंगला दाखवतो," मी म्हणालो.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "तू?"

त्याच वेळी सरांना एकट्याला एस्टीत बसवून नेलं असतं, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, अख्खा वर्गच न्यावा. दहावीच्या आमच्या ग्रुपवर मी बेत टाकला: 'इंग्रजांच्या पाऊलखुणा'. नळदुर्गचा बंगला, बार्शीकडच्या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या खुणा आणि सोलापुरातल्या दगडी इमारती. एका दिवसात.

पहिला प्रश्न माकणीच्या दोस्ताचा. "आन् आमचं धरण?"

"ते इंग्रजांनी बांधलेलं नाही."

"न्हाय बांधलं म्हणून काय पाणी कमी हाय व्हय त्यात? मासं लई भारी मिळत्यात."

मग आमच्या वर्गातल्या बाई. त्या आता एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत आणि ग्रुपवरही घंटा वाजवल्यासारखंच लिहितात. "अक्कलकोट वाटेतच आहे. ते घ्यावे." मी नकाशा उघडला. बाईंच्या वाटेत पंढरपूरसुद्धा आलं असतं.

"आणि इंग्रजांचं बघायचं तरी काय?" त्यांनी पुढं विचारलं. "ते गेले की."

"म्हणून तर जुनं म्हणायचं त्याला," मी लिहिलं. कुणीतरी त्यावर गुलाबाचं फूल पाठवलं.

तारखेचं तर विचारू नका. मी पहिला रविवार सुचवला, तर पितृपंधरवडा. दुसरा सुचवला, तर नवरात्र, सगळ्यांचे उपवास. तिसऱ्याबद्दल बोलायच्या आधीच माकणीहून निरोप आला की सोयाबीन काढायला आलंय, आता महिनाभर नाव काढू नका. इकडं सरांच्या घरातली पोती वाढत चालली होती. एकदा वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "मिळाला का रे रविवार तुला? का अजून शोधतोयस?"

शेवटी मी चिडलो. माझ्यातल्या सरकारी कारकुनाचा चिडका हुकूम सुटला: "हे लग्न नव्हे, मुहूर्त बघायला. दसऱ्यानंतरचा रविवार. यायचं त्यानं यावं."

"अहो, भिंतीवरचं कॅलेंडर तरी बघा," बायको म्हणाली.

"फोनमध्ये आहे कॅलेंडर." फोनमध्ये नुसते आकडे असतात, तिथी नसते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आणि नवल म्हणजे दहा मिनिटांत सगळ्यांचे होकार आले! सोयाबीन म्हणे राहू दे शेतात. अक्कलकोट नको, धरण नको, बार्शी-सोलापूर पुन्हा कधीतरी, नळदुर्ग बास. "दिवस फार चांगला धरलास," बाईंनी चक्क कौतुक केलं. मी तो माझ्या नेतृत्वाचा विजय समजलो. पुढं दोन दिवस रस्त्यानं अनवाणी माणसांचे लोंढे तुळजापूरकडं चाललेले बघत होतो आणि 'यंदा गर्दी दिसतेय बुवा' एवढंच म्हणत होतो.

रविवारी सकाळी ट्रॅव्हलर गाडी आली. सर पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, इस्त्रीचा शर्ट. मागं बघतो तर माझ्या बायकोसकट सगळ्या बायकांच्या हातात ओटीचं सामान आणि माकणीचा दोस्त अनवाणी.

"चपला विसरलास का?" मी विचारलं, तर त्यानं मलाच हात जोडले. बंगल्याची माहिती मी दोन पानांत टाईप करून आणली होती. ती वाटली. बाईंनी त्यातल्या एका पानात हळदीकुंकू बांधलं.

तुळजापूरच्या अलीकडं पोलिसांनी गाडी अडवून मैदानात लावायला सांगितली.

"आज इतकी गर्दी कशी काय?" मी विचारलं.

गाडीतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"आरं, पौर्णिमा न्हाय का!" दोस्त ओरडला. "तूच धरलीस की!"

"आम्हाला वाटलं, बंगल्याचं निमित्त आहे," बाई म्हणाल्या. "सरांना पुण्याला जायच्या आधी आईचं दर्शन घडवायचंय तुला."

"मला वाटलं, सुधारलात," बायको म्हणाली.

दोन तासांत येतो म्हणून सगळे उतरले. पौर्णिमेच्या रांगेत दोन तासांत नारळसुद्धा पुढं सरकत नाही. ड्रायव्हरही चपला काढून त्यांच्यामागं निघाला, खिशात किल्ली घेऊन. "सर, तुम्ही हलू नका," असं म्हणून मी किल्लीसाठी त्याच्यामागं धावलो. तो गर्दीत गडप झाला. हात हलवत परत आलो, तर सरांची सीट रिकामी.

ऐंशीला टेकलेला माणूस आणि ती गर्दी! फोन लावला तर गर्दीनं नेटवर्क बसलेलं. रसवंतीवाले पाहिले, प्रसादाची दुकानं पाहिली, पाणपोया पाहिल्या. शेवटी पोलिसांच्या मांडवात गेलो.

"नाव सांगा, माईकवरून पुकारतो," हवालदार म्हणाला.

"सर."

"सर काय? नाव?"

आयुष्यात कधी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. त्या घाईत नाव आठवेना. "इतिहासाचे," मी म्हणालो. आणि त्यानं खरंच पुकारलं, "इतिहासाचे सर जिथं असतील तिथून पोलीस मांडवाकडं यावं." तीन वेळा. दोन वेगळेच सर आले.

रडायच्या बेतात असताना फोन वाजला.

"कुठं आहेस रे?" सरांचा आवाज.

"सर! तुम्ही कुठं आहात?"

"बंगल्यावर. बायपासला काळी-पिवळी जीप मिळाली. किती वेळ शोधलंस?"

"दोन तास झाले, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "तेवढाच लागतो."

मी मैदानातल्या धुळीत खाली बसलो. "कसा आहे बंगला?"

"कुलूप आहे. पण बाहेरून चक्कर मारली. अरे, मी फळ्यावर चार खिडक्या काढायचो ना? सहा आहेत. इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. वर्गाला कळव."

मी ग्रुपवर लिहिलं: 'साहेबाच्या बंगल्याला सहा खिडक्या आहेत. दुरुस्ती करून घ्यावी. सर.'

बाईंनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. रांगेतूनच दोस्ताचं उत्तर आलं, "सरांला म्हणावं, लिहून घेतलं. आन् तू कुटं लपलास आता?"