पाळणा डावीकडे

"पलंग भिंतीपासून ओढा आणि पाळणा त्या फटीत घ्या," असं मी म्हणाले तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले. काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बाई, तुम्ही ह्यांच्या हातापायांना व्यायाम द्यायला येता. मध्येच पाळण्याचं काय काढलंत?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट. त्या काळी हा शब्द उच्चारताना भल्याभल्यांची बोबडी वळायची, म्हणून हैदराबादेत घरोघरी मी 'एक्सरसाइजवाल्या बाई'. सकाळी हॉस्पिटल, दुपारनंतर मलकपेठहून लुना काढायची आणि पेशंटांच्या घरी जायचं. जामबागचे अण्णा त्यातलेच एक. कोर्टातून रिटायर झालेले, सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. मराठीत रागवायचे आणि लाड दक्खनीत करायचे. त्यांना डाव्या अंगाला लकवा झाला होता.

असा लकवा झाला की कधी कधी माणूस ती बाजूच विसरतो. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहतं. डावीकडून हाक मारा, मान उजवीकडे जाते. नजर शाबूत असते, पण मेंदू तिकडची दखलच घेत नाही. तिकडे बघायला लावणं हे माझं अर्धं काम. मी रोज म्हणायची, "अण्णा, डावीकडे बघा." आणि अण्णा रोज विचारायचे, "उधर है कौन, बाई?"

खरंच कोणी नव्हतं. डावीकडे भिंत होती. ते पडू नयेत म्हणून काकूंनी पलंग त्या बाजूने भिंतीला लावलेला. सगळं जग उजवीकडे: दार, केबल टीव्ही, काकूंची खुर्ची आणि मुख्य म्हणजे सानिकाचा पाळणा. सानिका म्हणजे त्यांची नात, जेमतेम चार महिन्यांची. अण्णा उशांना टेकून दिवसभर तिच्याशी गप्पा मारायचे. तिला ते बेगमसाहेबा म्हणायचे.

एकदा मी चपला घालत असताना सून नीलिमा बाळाला घेऊन दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "ताई, हिचं डोकं जरा बघता का?"

मी हात फिरवून पाहिला. मागून उजवीकडे डोकं चांगलंच चपटं झालेलं. मान डावीकडे वळवायला गेले तर पोरीने टाहो फोडला. मानेचा एक स्नायू आखडलेला होता. त्यामुळे ती कायम उजवीकडेच बघायची आणि त्याच जागेवर डोकं टेकायची. तान्ह्या बाळाचं डोकं ओल्या मडक्यासारखं असतं. एकाच जागी दाब पडत राहिला की तिथे बसतं.

नीलिमा रडायलाच लागली. नवरा, प्रशांत, कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला होता. तेव्हा आमच्या शहरातल्या घराघरातून एकेक जण जात होता. व्हिसा आला की हिलाही बाळाला घेऊन निघायचं होतं. आबिड्सला इंटरनेटच्या दुकानात जाऊन तिने त्याची ई-मेल वाचली होती: इथे अशा बाळांना डोकं गोल व्हायला हेल्मेट घालतात, तिकडे मिळतं का बघ. मला तरी ते बनवणारं हैदराबादेत कोणी ठाऊक नव्हतं. येणारीजाणारी प्रत्येक बाई डोकं चाचपून बघे आणि म्हणे, आईने कुशीवर वळवलंच नाही वाटतं. काकूंना तर नातीच्या लग्नाची काळजी आत्तापासून लागली होती.

"आई म्हणून मला एवढंही जमलं नाही," नीलिमा म्हणाली. मला तिच्याबद्दल फार माया वाटली. म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही, आणि वेळही गेलेली नाही. पण आता थांबायचं नाही. हाडं कडक व्हायला लागली की मग फार काही हातात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात आमच्या सरांना सांगितलं. अण्णांची केस त्यांनीच दिली होती.

"तुला स्ट्रोकच्या पेशंटसाठी पाठवलं. बाळाला हात कोणी लावायला सांगितला?"

"सर, दोघांचा प्रॉब्लेम एकच आहे."

"म्हणजे?"

"दोघंही उजवीकडेच बघतात."

सर हसले, पण आधी बालरोगतज्ज्ञांना दाखव म्हणाले. त्यांनी तपासलं. कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नव्हते. म्हणजे ऑपरेशनचं भय नाही, मान मोकळी करायची आणि चपट्या जागेवरचा दाब काढायचा. मानेचे व्यायाम मी नीलिमाला शिकवले. जागेपणी आपल्या डोळ्यांसमोर पालथं ठेवायचं, तेही सांगितलं. काकूंनी हौसेने शिवलेली राईची उशी मी काढायला लावली. त्या उशीत डोकं रुतून त्याच बाजूला पक्कं बसत होतं. काकू माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. चहा मात्र आला.

आता राहिली खोली. अण्णांचं आणि बाळाचं डोकं विरुद्ध दिशांना होतं, त्यामुळे दोघं उजवीकडे मान करूनच एकमेकांकडे बघत. पाळणा उचलून तसाच अण्णांच्या डावीकडे नेला की दोघांना डावीकडे वळावं लागणार. मला वाटलं, केवढी सोपी गोष्ट, म्हणून त्या दिवशी पलंग ओढायला सांगितला.

अण्णांनी मिटलेले डोळे उघडले. डावा हात ते नेहमी चादरीखाली ठेवत, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. "ह्या मेलेल्या हाताच्या बाजूला पोरीला ठेवता? उद्या हा तिच्यावर पडला तर?"

काकू म्हणाल्या, "अहो, डावीकडे ह्यांना काही दिसतच नाही. नातीला बघण्यावर तर दिवस काढताहेत."

तेवढ्यात नीलिमा पुढे झाली. कधी मोठ्याने न बोलणारी ती मुलगी म्हणाली, "अण्णा, थोडे दिवस. तिच्यासाठी." आणि तिने स्वतःच पलंगाला हात घातला.

पुढचे दिवस वाईट गेले. सानिका भिंतीकडे बघून रडे. अण्णा उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत पडून राहत. टीव्ही नको, जेवण नको. एकदा मला म्हणाले, "बाई, नात हिसकावून घेतली तुम्ही माझी." घरी येताना लुनावर मला रडू आलं. पाळणा परत ठेवा असं सांगायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

ते सांगायलाच मी गेले तर दारातून अण्णांचा आवाज ऐकू आला. "इधर, बेगमसाहेबा. कैकू रोते? मैं इधर हूं ना." काकू मला बघून ओठांवर बोट ठेवून उभ्या. अण्णांची मान डावीकडे होती. पुरती नाही, पण पाळण्यापर्यंत नक्की. आणि सानिका, जिची मान वळवताना आम्ही घामाघूम होत होतो, ती आवाजाच्या दिशेने एकेक इंच वळत होती. अण्णांचा डावा हात चादरीबाहेर पाळण्याच्या कठड्यावर पडला होता. सानिकाने त्याचा अंगठा मुठीत धरला होता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "बाई, हिने धरलंय. मला कळतंय."

मी बाहेर जाऊन डोळे पुसले आणि मग रोजचे व्यायाम घेतले.

त्यानंतर पाळणा तिथेच राहिला. सानिकाची मान हळूहळू सुटली, डोकं भरत गेलं. अगदी घोटीव गोल झालं नाही, पण जावळ वाढल्यावर चपटी जागा शोधूनही सापडेना. अण्णा डावीकडची भाजी खायला लागले. हात मात्र परत आला नाही. बोटं थोडी हलायची, तेवढंच. मग व्हिसा आला. नीलिमा बाळाला घेऊन गेली आणि मी मनात म्हटलं, झालं, आता अण्णा पुन्हा उजवीकडे.

पुढच्या रविवारी गेले. पाळण्याच्या जागी स्टूल होतं आणि स्टुलावर टेलिफोन. वायर भिंतीने फिरवून आणलेली. प्रशांतचा फोन रविवारी यायचा, सानिका त्यात नुसतं हुं हुं करायची. अण्णा सकाळपासून मान डावीकडे करून वाट बघत बसलेले.

"फोन इथे कोणी आणला?" मी विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं ना, जे आवडतं ते डावीकडे ठेवा म्हणून."

असं मी कधी सांगितलं नव्हतं. पण त्यानंतर मात्र प्रत्येक घरी सांगत आले. पेशंटचा हात धरण्याआधी मी पलंग कुठे आहे ते बघते आणि विचारते, ह्यांचं लाडकं माणूस कोणत्या बाजूला बसतं?