चारचं कार्टून

केबलच्या ऑफिसात तक्रारीचा फोन घेणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, रोज रिंग वाजवत येतात. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडच्या ऑफिसात मी तो फोन घ्यायचे. बाकीचे किस्से मी हसत सांगते. हे सांगताना मात्र लाज वाटते.

*

आमचे मालक विलासशेठ रोज दुपारी चारला लोकल चॅनेलवर मुलांसाठी जुनी इंग्रजी कार्टून लावायचे. त्यात जंगलातले काळे लोक असायचे. हे जाड ओठ, केसांत हाडूक, आणि हंड्यात गोऱ्या पाहुण्याला शिजवतायत. "हे असलं काय दाखवता?" असा एक फोन आला नाही. फोन यायचे ते चित्र हलतंय म्हणून.

*

इंग्रजी कोणाला कळेना. शेठ म्हणाले, "राजू, तू बोल." राजू आमचा ऑपरेटर, नकला करण्यात पटाईत. मूळ आवाज बंद करून तो माइकवर मराठीत बोलायचा. गोरा पाहुणा एकदम पुणेरी. हंड्याभोवती नाचणारे मात्र थेट सुरगाण्याकडचे आदिवासी! लोकांनी डोक्यावर घेतलं.

*

एकदा कॅसेट अडकली म्हणून शेठनी आरती लावली. लगेच फोन. "आरती राहू द्या हो, ते रानटी लावा." शेठनी देवाला हात जोडले आणि रानटी लावले.

*

ती बोली राजूला शिकवली आमच्या लाइनमननं, सखारामदादानं. तो सुरगाण्याकडचाच. "दादा, तुमच्याकडं भूक लागली कसं म्हणतात?" राजू विचारायचा. आपली बोली कुणी विचारतंय म्हणून दादा खूश. चारला तो कुठल्यातरी खांबावर असायचा, कार्टून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं. कोणी बोललं नाही, मीही नाही.

*

पुढं दादानं घरी टीव्ही घेतला. दुसऱ्याच दुपारी तो तिसरीतल्या लेकीला, सुमनला, त्यात चित्र कुठून येतं ते दाखवायला ऑफिसात घेऊन आला. कार्टून चालू होतं, राजू माइकवर होता. सुमन बघत राहिली. मग तिनं बापाचा हात ओढला.

"बाबा, हे आपल्यासारखंच बोलत्यात. आपण पण माणसं खायचो?"

राजूनं माइक खाली ठेवला. दादानं पहिल्यांदाच ते कार्टून नीट पाहिलं.

"मला नाय ठाव," तो म्हणाला. "राजूला इचार."

माइक चालूच होता. माझा फोन वाजला. पलीकडे एक बाई हसत होत्या.

"अहो, आज त्या पोरीचा आवाज कोणी काढला? फार गोड. उद्या पण ठेवा."