गोळीचा करार

आमच्या घरात खर्र्यावरून बारा वर्षं भांडण चाललं आणि एका गोळीनं ते मिटवलं. हे आज कबूल करताना लाज वाटते, कारण तेव्हा मला त्याचा चांगलाच अभिमान होता.

यांचं आमगावात बी-बियाण्याचं दुकान आहे. मी शाळेत शिकवते. गिऱ्हाइकाशी बोलताना यांच्या गालात खर्रा असायचाच. पानठेल्यावाला सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून देतो, तो. जेवणाला उशीर झालेला यांना चालायचा, खर्र्याला झालेला नाही. मी पन्न्या फेकून पाहिल्या, अबोला धरून पाहिला, माहेरी जाऊन बसले. परत आले तर खिडकीत तीन नव्या पन्न्या माझ्या स्वागताला हजर.

मग माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, जबड्याच्या कॅन्सरने गेले. शेवटी त्यांच्या गालाला भोक पडलं होतं. पाणी पाजलं की तिथून गळायचं. रुमाल धरून मी शेजारी बसायचे. तेव्हापासून भीती आमच्या घरी मुक्कामालाच आली. हे नुसते खाकरले तरी माझा हातातला घास तसाच राहायचा.

तेरवी झाल्यावर मी मेडिकलमध्ये गेले आणि विचारलं, कॅन्सर होऊ नये म्हणून काही मिळतं का? दुकानदाराने मल्टिव्हिटॅमिनची बाटली पुढे केली. "ताकद की गोली है, मॅडम. रोज एक. इम्युनिटी बढ़ती है." कॅन्सरचं नाव त्याने घेतलं नाही. मीही प्रश्न पुन्हा विचारला नाही. शाळेत एखाद्याने असं अर्धवट उत्तर दिलं असतं तर मी त्याला खाली बसू दिलं नसतं.

घरी यांनी बाटली हातात फिरवून पाहिली. "खर्रा काही सुटत नाही माह्यानं. पण हे गोळी तू म्हणशील तशी खातो. मंग तू बोलाचं नाही."

मी हो म्हटलं. करार झाला. रोज सकाळी जेवण झालं की एक लाल गोळी, आणि दुकानाची पायरी चढायच्या आत पहिला खर्रा. लघवी पिवळीधमक झाली की हे खुशीत सांगायचे, "लागू पडून राहिली." तीन वर्षं मी भांडले नाही. घर किती शांत झालं म्हणून माझं मलाच कौतुक वाटायचं. जाऊबाई चिचगडला राहतात. त्यांचा कर्ता मुलगा बापाचे हाल डोळ्यांनी पाहूनही खर्रा खायचा आणि त्या रडायच्या. त्यांनाही मी फोनवर सांगून टाकलं, "ताई, भांडू नका, गोळी सुरू करा." सल्ला द्यायचा म्हटलं की मास्तरणीला कोण आवरणार.

गेल्या वर्षी आम्ही बाजारात गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायला थांबलो. मी सहज बाजूला पाहिलं तर हे गुपचूप हाताने फोडून त्याचे तुकडे तोंडात सारत होते. पाणी शर्टावर सांडलं होतं. गुपचूपवाला हसला. मी मात्र हातातली प्लेट खाली ठेवली. भासऱ्यांनीही पहिल्यांदा असंच केलं होतं, भाताचा घास लहान केला होता.

घरी येऊन मी यांना खिडकीपाशी बसवलं. तोंड पूर्ण उघडेना. माझी दोनच बोटं आत गेली. गाल आतून पांढरा आणि ताठ लागला.

"काऊन भेऊन राहिली तू?" हे म्हणाले. "गोळी खातो ना रोज."

दुसऱ्या दिवशी गोंदियाला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी ती बाटली पर्समधून नेली होती. पुरावा म्हणून टेबलावर ठेवली, इतकी मी शहाणी. त्यांचा पहिला प्रश्न होता, तिखट झोंबतं का? तेव्हा मला आठवलं, सहा महिन्यांपासून हे वरणभातच मागत होते. मी समजत होते, वय झालं, पोटाला जपतात.

बाईंनी बाटली वाचली. "अंगात व्हिटॅमिन कमी असेल तर याचा उपयोग होतो. पण ही रोज खाल्ली म्हणून कॅन्सर होणार नाही, असं कोणी सांगू शकत नाही. आणि खर्र्याने केलेलं ही गोळी पुसत नाही." मग म्हणाल्या, "तीन वर्षांत तोंड कोणाला दाखवलंत?"

कोणालाच नाही. गोळी चालू होती ना.

त्यांनी गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत यांनी खर्र्याला हात लावला नाही. सकाळी मात्र ताटावरून उठायचे नाहीत, तळहात पुढे करून बसायचे. "गोळी दे ना." आवाज इतका बारीक की मला ऐकवेना. मी उगाच समजत होते, भीती एकट्या मलाच वाटते. आणि मला कळलं ते वाईट होतं. गोळी यांच्या पोटात जायची, पण तिने झोप मला लागायची.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण वाट तिकडचीच आहे, खर्रा कायमचा बंद आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं, असं बाईंनी बजावलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले आणि तिथूनच जाऊबाईंना फोन लावून रिपोर्ट सांगितला.

"पाह्य, गोळीनंच वाचवलं त्याईले!" त्या म्हणाल्या. "मी बी तुयं ऐकलं ते बरं झालं. पोरगा रोज खाते गोळी. आता मी त्याच्याशी भांडत नाही बाप्पा. खाऊ दे खर्रा."

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्या आनंदात होत्या, थांबेनात.

"आणि त्याचं पोट बी सुधारलं. पहिले मिरचीचा ठेचा लागे त्याले. आता तिखट मांगतच नाही. वरणात भात कालवून खाते चुपचाप."

मी त्यांना मधेच तोडलं. "ताई," मी म्हटलं, "त्याला उद्या सकाळी गोंदियाला घेऊन या. काहीही करून आणा."

"कायले?" त्या हसल्या. "गोळी खाते ना तो रोज."