दीक्षाने विचारलेला रविवार

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आपल्या लोकांची एखादी भानगड मला दोन दिवस उशिरा कळली, तर मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा मनीषाच्या लेकीबद्दल, दीक्षाबद्दल, मी जे लिहितोय, त्यातलं निम्मं पाहिलेलं आहे आणि निम्मं चहाचा कप पुढे करून काढून घेतलेलं आहे. तिची परवानगी घेतलेली नाही. मागितली असती तर ती नाही म्हणाली असती.

दीक्षा जन्माने इथलीच. बाप ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, पोरीला असे मार्क पडले की विहारातल्या समस्त बायकांनी तिला परस्पर डॉक्टर करून टाकलं. आणि ही निघाली पोडायट्री शिकायला. म्हणजे पायांचे आजार. ‘एवढं शिकून लोकांची नखं कापणार?’ असं ज्यांनी विचारलं त्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता, हे कबूल करतो. तिचं मराठीही असं की ‘माझा आजी’ आणि ‘तुमची पाय’. आम्ही हसायचो. तीही हसायची आणि पुढचं वाक्य तितकंच चुकीचं बोलायची.

आता दादासाहेब. वय एक्क्याऐंशी, पोस्टातून रिटायर झालेले, आमच्या विहाराचे अध्यक्ष. दर रविवारी वंदना तेच घेतात. आवाज अजून खणखणीत, शिस्त त्याहून कडक. वीस वर्षांचा मधुमेह. त्यात गेल्या वर्षी डाव्या तळपायाला वाटाण्याएवढी जखम झाली. दुखत नव्हती, कारण पायाची संवेदनाच गेलेली. हॉस्पिटलने गुडघ्यापर्यंतचा एक जाडजूड बूट दिला आणि बजावलं की उभं राहायचं, चालायचं ते यातच, घरातसुद्धा. आम्ही त्या बुटाला रणगाडा म्हणायचो.

चार महिने झाले, जखम भरेना. उलट खोल गेली. क्लिनिकला सोबत मुलगा सुहास जायचा. दादासाहेबांना इंग्रजी चांगलं येतं, पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. म्हातारं माणूस खुर्चीत बसणार आणि मुलगा बोलणार. सुहास दहा वर्षांचा असल्यापासून आईसाठी सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, दुभाष्याचं काम करायचा, ती सवय पन्नाशीतही सुटलेली नाही. डॉक्टरांनी विचारलं, बूट घालतात ना? सुहास म्हणाला, ऑल्वेज. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? सुहास म्हणाला, नो प्रॉब्लेम ॲट ऑल. साहेबापुढे तक्रार करायची नाही, आपल्या माणसाला चारचौघांत बोलणी बसू द्यायची नाहीत, एवढाच त्याचा हिशेब. पोरगा वाईट नाही.

शेवटी कन्सल्टंटने एमआरआय काढला आणि सांगितलं, जखम हाडापर्यंत पोचायला आली आहे. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर पंजाचा पुढचा भाग काढावा लागेल. त्या दिवशी घरी त्यांच्या पत्नी कांताबाईंनी स्वयंपाक केला नाही. दादासाहेब मात्र रविवारी विहारात आले आणि नेहमीसारखे बुद्धमूर्तीपुढे उभे राहिले.

नेमकी त्याच आठवड्यात दीक्षाची त्या क्लिनिकला बदली झाली. मनीषाकडून मला कळलं, की हल्ली यांना शिकवतातच वेगळं. पूर्वी पेशंटला काय झालंय ते विचारायचे, आता पेशंटचा दिवस कसा जातो, त्याला काय करायचंय, तेही विचारतात. मी म्हटलं, म्हणजे सरकार आता पगार देऊन गप्पा मारायला लावतं. असली नोकरी माझ्या वेळी असती तर मी कधी रिटायर झालोच नसतो.

तर दीक्षाने फाइल वाचली, बाजूला ठेवली आणि दादासाहेबांना मराठीतच विचारलं, ‘आजोबा, मागचा रविवार मला सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत.’

सुहासने तोंड उघडलं. ती त्याला म्हणाली, ‘अंकल, प्लीज, तुमचं नाही. त्यांची रविवार.’

आता गंमत बघा. दादासाहेब पंचशील नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. खोटं बोलणार नाही म्हणजे नाही. चार महिने ते खोटं बोललेच नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सविस्तर सांगितलं. अंघोळ केली, पोहे खाल्ले, गाडीतून विहारात गेलो, दारात बूट काढला, वंदना घेतली, प्रवचन झालं, भोजनाच्या वेळी पंगतीत वाढलं, मग बूट घालून घरी आलो.

‘दारात बूट काढला,’ दीक्षा हळूच म्हणाली. ‘किती वेळ?’

‘अडीच-तीन तास. विहारात पादत्राण कसं घालणार, बाळा?’

दर रविवारी तीन तास अनवाणी. आठवडाभर जे भरून यायचं ते दर रविवारी फाटायचं. आणि मी? चपलांच्या रॅकशेजारची खुर्ची माझी. रणगाडा तिथे उभा असलेला मी चार महिने पाहत होतो. गावभरच्या बातम्या वाटत फिरणाऱ्या मला ही बातमी आहे असं वाटलंच नाही.

दीक्षा रागावली नाही. विहारात जाऊ नका, असंही म्हणाली नाही. तिने विचारलं, त्या बुटाचं नेमकं काय चालत नाही? दादासाहेबांनी विचार करून सांगितलं की तो रस्त्यावरून आलेला असतो, घाण आत येते. मग तिने क्लिनिककडून दुसरा, कोरा बूट मागून घेतला, जो रस्ता कधी बघणारच नाही. विहारातच राहणार. दारात खुर्चीवर बसायचं, पाय जमिनीला न लावता बूट बदलायचा आणि आत जायचं. पंगतीत वाढायचं मात्र काही दिवस बंद.

रविवारी ती स्वतः तो घेऊन विहारात आली. आमच्या कमिटीने त्यावर दीड तास चर्चा केली. आमची कमिटी खिडकी उघडायची की नाही यावरही ठराव मांडते. एक म्हणाला, आज बूट आत आला तर उद्या सगळेच आणतील. दादासाहेब खाली मान घालून बसले होते. स्वतःसाठी नियम वाकवा म्हणायला त्यांची जीभ रेटेना. तेव्हा मागून कांताबाई उठल्या. ती बाई सभेत कधी बोललेली मी ऐकली नाही.

‘तथागतांनी पारखून घ्या म्हणून सांगितलंय ना? मग पारखा. बूट स्वच्छ आहे. आणि या माणसाचा पाय गेला तर वंदनेला मी त्यांना उचलून आणू का?’

ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदन मी दिलं, ते इतिवृत्तात आहे.

सहाव्या आठवड्यात जखम निम्मी झाली. कन्सल्टंटने ऑपरेशनचं नाव काढलं नाही. मे महिन्यात ती पूर्ण भरली. पाचही बोटं जागेवर. मी स्वतः मोजली, मोजा काढायला लावून. मनीषाला मी म्हटलं, पोरीने नखं कापायचं शिक्षण घेतलं ते बरं झालं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे मी चहा मुकाट्याने प्यालो.

शेवटच्या तपासणीला सुहास बाहेर मासिक चाळत बसला. दादासाहेब आणि कांताबाई आत गेले, ते पेढ्यांचा पुडा घेऊन. मधुमेही पायांच्या क्लिनिकमध्ये पेढे. दीक्षाने हात जोडून पुडा घेतला, उघडला आणि वरच्या थरातली रिकामी जागा पाहिली.

‘आजोबा, गाडीत किती खाल्ले?’

कांताबाई म्हणाल्या, एकही नाही.

दादासाहेब म्हणाले, ‘तीन.’

तिने तीन लिहून घेतले आणि एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.