वारा असंल

निपाणीच्या हद्दीत जेवढे म्हणून आवाज आहेत, त्यांत माझ्या थोरल्या साडूंचा नंबर पहिला लागतो. हायवेवरचे ट्रक दुसरे. हे मी कौतुकाने लिहितो आहे, कारण मधले काही आठवडे हा आवाज बंद होता आणि निपाणीत नुसते ट्रक ऐकू येत होते. तो कशाने बंद पडला यावर आमच्या दोन्ही घरांत बरीच चर्चा झाली. कुणी घशाचं दुखणं म्हणालं, कुणी वय म्हणालं, सासूबाईंनी तर मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. त्या प्रत्येक चर्चेत मी हजर होतो आणि प्रत्येक वेळी चहाच्या कपात बघत होतो. तो आवाज मी बंद पाडला होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात, कारण मी बेळगावात खासबागेजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. अण्णांची निपाणीत तंबाखूची वखार आहे, आणि वखारीत वाढलेल्या माणसाला कुजबुजणं कुणी शिकवलेलंच नसतं. या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या हमालाशी, मधल्या पोत्यांच्या थप्पीवरून बोलायचं, हीच त्यांची बोलण्याची पहिली इयत्ता. ते फोनवर बोलायला लागले की मधे फोन कशाला, असा प्रश्न पडतो. एकदा निपाणी स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत असताना त्यांनी मला बाजूला घेतलं, तोंडावर हात धरला आणि माझ्या कानात गुपित सांगितलं की धाकट्या मेव्हण्याचं लग्न जमायलंय, पण अजून कुणाजवळ बोलू नका. समोरच्या गाडीच्या दारातून कंडक्टरने अभिनंदन केलं. चपलासुद्धा त्यांना करकरणाऱ्याच लागतात. कोल्हापूरच्या दुकानात पायात घालून, चार फेऱ्या मारून, कान देऊन ते चप्पल निवडतात. "करकर कमी पडली तर परत आणून टाकीन, आत्ताच सांगून ठेवतोय," असा दम देऊनच बाहेर पडतात. अण्णा गल्लीच्या तोंडाशी आले की आक्का चहाचं आधण ठेवते, आणि ते उंबऱ्याशी पोचेपर्यंत चहा गाळून होतो.

तर अशा या माणसाचा जीव जडला आहे लपण्याच्या खेळावर. म्हणजे पोरांच्या लपाछपीवर नव्हे, कॉम्प्युटरवरच्या. त्यात एक हेर असतो, तो अंधारातून, भिंतीच्या कडेकडेने, पहारेकऱ्यांच्या पाठीमागून सरकत वाड्यात शिरतो. आवाज झाला की खेळ संपला. अण्णांचा मुलगा हा खेळ खेळायचा तेव्हा अण्णा त्याच्यावर ओरडायचे. मग मुलगा बेंगळूरला नोकरीला गेला आणि यंत्र इथेच राहिलं. एका रविवारी, पोरगं एवढं बघत तरी काय होतं म्हणून अण्णांनी ते सुरू केलं, आणि संध्याकाळी आक्काला त्यांना जेवायला हाताला धरून उठवावं लागलं. तोवर बापलेकांचं फोनवरचं बोलणं "जेवलास का?" आणि "हो" यांच्यापुढे कधी गेलं नव्हतं. आता दर रविवारी कुठल्या गच्चीवरून कुठल्या खिडकीत शिरायचं यावर दोघं तासन्‌तास बोलायला लागले. आक्का म्हणायची, "पोरगं जवळ हुतं तवा बोलला न्हाईसा, आता दोरीवरनं कसं चढायचं ते इचारताय."

स्वतःही हेरासारखं वागून बघण्याची त्यांना फार हौस. खानापूरकडे सासुरवाडीला जत्रेला गेलो असताना, भर दुपारी, त्यांनी आम्हा सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि जाहीर केलं की आता मी सैपाकघरात जाऊन मटणाच्या सुक्क्याची एक फोड घेऊन येतो, बायकांना पत्ता लागला तर नाव बदलीन. चपला काढल्या, धोतर आवळलं, भिंतीला पाठ लावून निघाले. जाता जाता कोनाड्यातला तांब्या पडला. तो सावरताना मांजर पायाखाली आलं. आणि सैपाकघराच्या दारात पोचल्यावर त्यांना शिंक आली. अण्णांची शिंक हा स्वतंत्र प्रकार आहे. जन्मभर तंबाखूच्या धुरळ्यात गेलेल्या नाकातून ती येते आणि येताना आसपासचं सगळं हलवून येते. परड्यात म्हैस उठून उभी राहिली. चुलीकडे तोंड करून बसलेल्या आक्काने मागे न बघता विचारलं, "एकच फोड घालू, का ताटच वाढू?"

अशातच त्या खेळाचा नवा भाग येणार अशी बातमी आली. खेळ यायच्या आधी कंपनी त्याच्या झलका दाखवते, कुणीतरी खेळत असतं आणि आपण बघायचं. मग जगभरचे चाहते ती झलक बघता बघता आपल्याला काय वाटलं ते सांगणारे व्हिडिओ करतात. कुणी रडतो, कुणी कंपनीला शिव्या देतो. अण्णांनीही सुरू केलं. घरात आक्का बसू देईना, म्हणून ते वखारीत बसायचे, एका मोबाइलवर झलक लावून दुसरा समोर पोत्याला टेकवायचे आणि सुरुवात करायचे, "राम राम मंडळी! निपाणीच्या वखारीतनं तुमचा अण्णा बोलतोय!" वरची कबुतरं उडायची. झलक जेवढ्या वेळाची, त्याच्या तिप्पट वेळ अण्णांना लागायचा, कारण ते पावलापावलाला ती थांबवायचे. "थांबा. ह्यो लाकडी फळीवरनं चाललाय, आणि आवाज न्हाय? आमच्या माळ्यावर उंदीर चालला तरी मला कळतंय." "हितं परत तलवारच काढली. लपायचा खेळ हाय का मारामारीचा? मारामारी बघायची तर आमी तालमीत जाऊ की!" सगळ्यात जास्त राग त्यांचा पहारेकऱ्यांवर. पहिल्या झलकीत एक पहारेकरी धाडकन खाली पडतो, शेजारचा मान वळवतो आणि वारा असेल असं म्हणून पुन्हा भिंतीकडे बघत उभा राहतो. अण्णांनी ते कितीदा तरी मागे नेऊन दाखवलं. "वारा असंल! सोबतीचा गडी आडवा झालाय आणि ह्यो म्हणतोय वारा असंल! अरं, पगार कशाचा घेतोस रं?"

या "वारा असंल"ने अण्णांना प्रसिद्ध केलं. गडहिंग्लजपासून धारवाडपर्यंतची पोरं व्हिडिओखाली तेवढंच लिहायची. एक जण कानडीत लिहायचा की मला मराठी निम्मंच कळतं, पण अण्णांची शिंक पूर्ण कळते. कारण शिंक प्रत्येक व्हिडिओत यायचीच, आणि ती नेमकी कधी येणार यावर पैजा लागायच्या. मुलगा बेंगळूरात दुपारच्या डब्याबरोबर हे व्हिडिओ बघायचा आणि सोबतच्यांना अभिमानाने दाखवायचा.

आता माझी गोष्ट. माझा आवाज लहान आहे. वर्गात तो चौथ्या बाकापर्यंत कसाबसा पोचतो. मी खोलीत आलो की गेलो हे लोकांना उशिरा कळतं, आणि सासुरवाडीला तर माझं ताट मांडायचं बऱ्याचदा राहतं. सगळी पोरंटोरं अण्णांभोवती, मी खांबापाशी. एका व्हिडिओत अण्णा रंगात येऊन म्हणाले, "खरा लपणारा माणूस बघायचा आसंल तर आमचे धाकटे साडू बघा. बेळगावात मास्तर हाईत. वर्गात येऊन, शिकवून, परत गेले तरी पोरास्नी पत्ता न्हाय. लई मोठी विद्या हाय ती! आपल्याला ह्या जन्मात जमायची न्हाय."

दोनच दिवसांनी मी नववीच्या वर्गात शिरलो. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "वारा असंल." सगळा वर्ग हसला. मी फळ्यावर पश्चिम घाटाचा नकाशा काढत राहिलो, पण खडू दोनदा मोडला.

त्या संध्याकाळी मी खोटं नाव घेऊन अण्णांच्या व्हिडिओखाली लिहिलं. लिहिलेलं मला अजून पाठ आहे: "ज्या माणसाला स्वतःच्या घरात गुपचूप पाणी पिता येत नाही, त्याने लपण्याच्या खेळावर बोलू नये. काका, लोक तुमच्याबरोबर हसत नाहीत, तुम्हाला हसतात. आधी गप्प बसायला शिका." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लेखन तेच. शेकड्यांनी अंगठे मिळाले. मी ते रात्रभर... खोटं कशाला बोलू, आठवडाभर मोजत होतो.

पुढच्या झलकीला अण्णांनी व्हिडिओ केला, पण त्यात ते बोलले नाहीत. पोत्याजवळ हात मांडीवर ठेवून, शाळेच्या फोटोला बसल्यासारखे बसले. पहारेकऱ्याने पुन्हा काहीतरी वेडेपणा केला तेव्हा त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मग शिंक आली. त्यांनी दोन्ही हातांनी नाक दाबलं, डोळे लाल झाले, सगळं अंग हादरलं, पण शिंक बाहेर येऊ दिली नाही. खाली पोरांनी विचारलं, अण्णा, आवाज गेला काय? त्यानंतर व्हिडिओ आला नाही.

घरीही तेच. कपाटाचं दार दाबून लावायचं, पावलं जपून टाकायची, भाजीवाल्याला बोटाने दाखवायचं. करकरणाऱ्या चपला माळ्यावर गेल्या आणि रबरी सपाता आल्या. संसारभर ज्या आवाजाला आक्का वैतागली होती, तो नाही म्हणून आता ती फोनवर माझ्या बायकोजवळ रडायला लागली. "घरात हाईत का न्हाईत कळंना गं. मागं येऊन हुबारतात, दचकायला हुतंय." एकदा अण्णाच कामासाठी बेळगावला आले आणि आमच्याकडे उतरले. आत आलेले मला कळलेच नाहीत. चहा घेता घेता, मला कान पुढे करायला लागेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी शिकलेली माणसं. खरं सांगा. मी बोलतोय ते लोकास्नी तरास हुतोय काय ओ?" तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "छे, तसं काही नाही." आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

मग मुलाचा बेंगळूरहून मला फोन आला. "काका, पप्पांना काय झालंय? रविवारी फोन केला तर जेवलास का विचारतात आणि ठेवतात. खेळाचं काढलं तर म्हणतात, ते पोरांचं असतंय, तू बघ." मग म्हणाला, "नवीन झलक आलीय. मी अजून बघितली नाही. त्यांच्याबरोबरच बघतो ना मी, त्यांच्या व्हिडिओतून. तुम्ही जरा जाऊन बघाल का?"

मी रविवारी सकाळची बस पकडली. बायकोला बसमधून फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी त्यांना सांगा. मग माझ्याशी बोला."

अण्णा वखारीत रिकाम्या पोत्यावर बसले होते. मी म्हणालो, नवीन झलक आलीय, आपण दोघं मिळून बघू, मुलाला पाठवू. त्यांनी नको नको केलं, पण मुलाचं नाव काढल्यावर उठले आणि दोन्ही मोबाइल पोत्याला टेकवले. व्हिडिओ सुरू झाला. "राम राम मंडळी," ते म्हणाले, देवळात बोलल्यासारखे. वरची कबुतरं जागची हलली नाहीत. झलक सुरू झाली. हेर भिंतीवरून उतरला, दिव्याखालून गेला, एका पहारेकऱ्याच्या अगदी नाकासमोरून गेला. अण्णा गप्प. मला ते सोसेना. मी झलक थांबवली आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, पोत्यांकडे बघत म्हणालो, "अण्णा, तुम्हाला गप्प बसायला शिका असं ज्याने लिहिलं, तो परका कुणी नाही. मी लिहिलं ते. वर्गात पोरं हसली, त्याचा राग तुमच्यावर काढला."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. शब्दन्‌शब्द ऐकला होता, त्यांच्या डोळ्यांतच दिसत होतं. मग त्यांनी मान सावकाश मोबाइलकडे वळवली, पहारेकऱ्यासारखीच, आणि म्हणाले, "कायतरी आवाज आल्यागत झाला, मंडळी." जरा थांबले. "वारा असंल." आणि झलक पुन्हा सुरू करायला बोट पुढे केलं.

एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. जन्मभर मी असाच तर सटकत आलो. कुणाला कळायच्या आत यायचं, कुणाला कळायच्या आत जायचं. त्या दिवशी मी त्यांचं बोट धरलं. उठून उभा राहिलो, आणि शाळेत कधी काढला नाही, घरात कधी काढला नाही असा आवाज कुठून कोण जाणे माझ्यातून निघाला. भाषाही शाळेतली राहिली नाही.

"वारा न्हवं, अण्णा! मी हुतो! मी चुकलो. मला माफ करा!"

सगळी कबुतरं एकदम उडाली, माळ्यावरून जुना धुरळा खाली आला, आणि अण्णांनी नाक दाबलं नाही.