रोजचे चार तास

पुण्याला निघालो त्या सकाळी माय मला सोडायला फाट्यावर आली नाही. सेलूजवळच्या आमच्या दीड एकरात ती वांग्यातलं निंदण काढत होती. मी पिशवी घेऊन बांधावर थांबलो, तर म्हणाली, "तू हो पुढं. एवढा तास पुरा करून येतो." बस आली, मी चढलो. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा ती फाट्याकडे पळत येत होती, खुरपं हातात तसंच. त्याला तेवीस वर्षं झाली.

इकडे चाकणच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला आहे. पंचिंगच्या नोंदींवरून प्रत्येक विभागाची आठवड्याची सरासरी काढतो, एकूण तास भागिले माणसं. अठ्ठेचाळीसच्या वर गेली की ऑर्डरी आल्या, ओव्हरटाइम चालू. बेचाळीसवर उतरली की समजायचं, कॉन्ट्रॅक्टची पोरं आता घरी जाणार. तास आधी कमी होतात, माणसं मागाहून. इतरांना कळायच्या आत मला हे कळतं, याचा थोडा गर्वच होता.

बाबा गेल्यावर शेत मायनं एकटीनं केलं. दर रविवारी फोनवर विचारायचो, रोज किती काम करतेस. आधी सहा तास सांगायची, मग पाच. शेवटी, "चारच तास होते बाप्पा. जास्त नाई होत आता." चार सत्ते अठ्ठावीस. या वयाला ठीक आहे, असं मी बायकोला सांगितलं. आकडा उतरतोय म्हणजे माय आराम करायला लागली, असा अर्थ लावला.

गेल्या वर्षी तिला दम लागायला लागला. वर्ध्याला डॉक्टरांना दाखवलं. हृदय थकलं होतं. काम किती करतात, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, रोज चार तास. माय शेजारीच बसली होती, तिनंही मान हलवली. थोडं हलकं काम चालेल, त्याहून जास्त अजिबात नको, डॉक्टर म्हणाले. तिला पुण्याला आणायचं मनात होतं. पण जागा दीड खोलीची, आणि चालेल म्हटल्यावर ते राहून गेलं.

सव्वा महिन्यानं ती वांग्यातच गेली.

तेरवी झाल्यावर शेजारच्या शेतातल्या शांताकाकूंबरोबर तिथे गेलो. ती कुठवर आली होती ते दिसत होतं. मागची माती मोकळी, पुढे गवत. काकू म्हणाल्या, तिचा तिसरा तास चालू होता. म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला का, मी विचारलं.

"दुपार कलली होती, बाबू." त्यांनी वांग्याच्या ओळीला पाय लावला. "तास म्हंजे हा. पुण्याले जाऊन तास इसरला काय रे?"

आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. मला ते माहीत होतं. लहानपणी मायच्या बाजूला बसून मी स्वतः तास धरले आहेत. डॉक्टरांसमोर तिनं मान हलवली ती बरोबरच होती. चूक माझ्या तासात होती.

ओळ विहिरीपासून नाल्यापर्यंत. उरलेली अर्धी मी घड्याळ लावून निंदली. एक तास वीस मिनिटं लागली. म्हणजे एका ओळीला दोन तास चाळीस मिनिटं, चार ओळींना दहा तास चाळीस, आठवड्याचे चौऱ्याहत्तर तास चाळीस मिनिटं. इतकी सरासरी आमच्या कोणत्याच विभागाची कधी आली नाही. आणि सहाचे चार झाले तो आराम नव्हता. दिवस तेवढाच होता, हात मंदावला होता.

माझ्यासारखे जे निघून आले त्यांना एवढंच सांगतो, घरी फोन कराल तेव्हा किती तास ते विचारू नका. माय घरून कधी निघाली आणि कधी परतली, ते विचारा.

शेत आता शांताकाकू करतात. घराला कुलूप आहे. माझ्या रजिस्टरात रकान्याच्या माथ्यावर 'तास' छापलेलं असतं, आणि दर शनिवारी ते वाचून मी क्षणभर थांबतो. गावाकडे तुमचं काही आहे का, असं इथे कोणी विचारलं तर हो म्हणतो. विहिरीपासून नाल्यापर्यंत, एक तास.