दुसऱ्यांदा पाहणारे मामाजी

मामाजींचं कुठलीही गोष्ट एकदा पाहून भागत नसे. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत आमच्या आंधळगावात एखादं नाटक झालं, की तेच नाटक दुसऱ्या गावी लागल्यावर ते सायकल काढून पुन्हा पाहायला निघत. "काहून जाता मामाजी, इथं तं पायलं ना," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "इथं नुसतं केलं. तिथं सुधरवलं का नाही, ते पायतो." नाटक सुधारलेलं असो की बिघडलेलं, परत येताना चेहरा तोच. त्या चेहऱ्यावरून काही ओळखायची आशा आम्ही केव्हाच सोडली होती.

मी त्यांचा भाचा. नोकरी वरठीच्या कारखान्यात, राहणं मामाजींकडे. मी राहायला आलो त्याच वर्षी, सत्तरच्या दशकात, त्यांचा एकुलता मुलगा सुरेश ऐन धानाच्या रोवणीत कोणाला काही न सांगता निघून गेला. मामाजी रायपूरकडे शोधून आले आणि दुसऱ्या दिवशी शेतात, बांधीच्या चिखलात उतरले. त्या विषयावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

त्या हिवाळ्यात रेडिओवर एक विज्ञानश्रुतिका लागली. यानातून दूरच्या ताऱ्याकडे गेलेला तरुण आणि पृथ्वीवर त्याची वाट पाहणारा बाप. मामाजी आणि मामी ओसरीत बसून एकूण एक भाग ऐकत. शेवटच्या भागात यान परत आलं, दार उघडलं आणि आतली खुर्ची रिकामी निघाली. पुढचं ऐकू येण्याआधीच मामीनं उठून रेडिओ बंद केला. मामाजींनी उठून बैलांना तणस टाकलं. काही वर्षांनी मामी गेली, तेव्हाही घाटावरून येऊन त्यांनी आधी तणसच टाकलं. माणूस दगडाचा आहे, असं गाव म्हणायचं. मलाही तसंच वाटायचं.

पुढे मी टीव्ही घेतला, बांबूवर अँटेना चढवला. एक दिवस पेपरात वाचलं, की तीच श्रुतिका आता टीव्हीसाठी नव्यानं केली आहे. जेवताना सहज मामाजींना सांगितलं. सकाळी पाहतो तर ते दारोदार फिरताहेत. गुरुजींना म्हणाले, "इग्यान हाय त्यात, पोराईले घेऊन या." शेजारच्या सीताबाईला म्हणाले, "पोराची माय दाखवली हाय म्हणते या खेपेला. येजो."

सीताबाई कसली ऐकते. "ऐकलेलंच फिरून कायले पायाचं, मामाजी?"

"पयल्यांदा त्यायले जमलं नसन. नाही तं फिरून कोणी कायले बनवन?"

इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, घरात टीव्ही आल्याची ऐट आहे. यानाच्या त्या दारासमोर त्यांना एकट्यानं बसायचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

दर आठवड्याला ओसरी भरू लागली. यान तर असं दिसे, की एकानं म्हटलंच, "मामाजी, हे तं आपली धान भरून ठेवाची ढोली हाय." मामाजी दाराजवळच्या बाजेवरून म्हणाले, "ढोली कायले पायतं? आत कोण हाय ते पाय."

शेवटच्या भागात यान उतरलं. दार उघडलं. आणि या खेपेला मुलगा उतरला, होता तसाच तरुण. म्हातारी झालेली आई त्याच्या तोंडावरून हात फिरवू लागली. सीताबाईनं डोळ्यांना पदर लावला. "आला ना गा पोरगा," ती म्हणाली. मामाजी बसल्या जागी बसून होते.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"खोटं हाय. रेडिओतलं खरं होतं." ते बाजेवरून उठले. "पण हे तुह्या मामीनं बंद नसतं केलं."

पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला ते पुन्हा बाजेवर येऊन बसले. मालिका संपली, मी सांगितलं. "फिरून दाखवतीन," ते म्हणाले. असे ते बरेच आठवडे बसले. मग एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेले. सुरेश आला नाही. अग्नी मीच दिला. घरी येऊन बैलांना तणस टाकलं. मला रडू आलं नाही, आणि त्याचं आश्चर्यही वाटलं नाही.

मालिका खरंच पुन्हा लागली. मी सीताबाईला हाक मारून आलो, गुरुजींना सांगून आलो. शेवटच्या भागाला मात्र कोणी आलं नाही. पाहिलेलं होतं सगळ्यांचं. यान उतरलं तसा मी बाजेवरून उठलो, हात बटणापर्यंत गेला. मग तो मागे घेतला आणि परत येऊन बसलो. मुलगा उतरला. खोटंच होतं ते. मी शेवटपर्यंत पाहिलं.